फटफटीचे खरेपण

जुन्या मोटारसायकलीचे वय कागदावर एक असते आणि लोखंडात अनेक. आर.सी. बुकात १९६४ असे साल असते. टाकी बहुधा त्याच सालची निघते, पुढचे मडगार्ड दहा वर्षांनी अलीकडचे, कार्ब्युरेटर त्याहून अलीकडचा, आणि पिस्टन तर इतक्यांदा बदललेला की त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नसते. मग ही गाडी कोणत्या सालची म्हणायची? आणि अखेरचा मूळ भागही निघाला, तर ती तीच गाडी राहते का? हौशी मंडळींना पडणारा हा प्रश्न भारतीय दर्शनांनी दोन हजार वर्षे घोळवला आहे. धर्मशास्त्राने तर त्यावर नियमही करून ठेवले आहेत.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी महाराष्ट्राला माहीत आहे. देवाच्या कपाळी लागणारे हेच कुंकू खंडेनवमीला आणि दसऱ्याला नांगराला, मोटेच्या जागी आलेल्या पंपाला आणि दारातल्या फटफटीलाही लागते. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाची बोटे आणि चाकाखाली लिंबू, असा तो थाट असतो. पूजेला बसणारा माणूस कोणता भाग कंपनीचा आणि कोणता लोकल, हे पाहत नाही. त्याच्या लेखी गाडी अखंड असते. गाडीचे साल काढणारा नेमके उलटे करतो, तो तिला सुटी करून पाहतो. या दोन नजरांपैकी खरी कोणती, हाच येथला तात्त्विक प्रश्न आहे.

साल काढण्याची विद्या आधी समजून घ्यावी लागते, कारण वाद तिच्यापासूनच सुरू होतो. ल्यूकस कंपनीच्या जुन्या विजेच्या सामानावर, विशेषतः मॅग्नेटो आणि डायनॅमोवर, महिना आणि वर्ष ठोकलेले आढळते. स्पीडोमीटरची तबकडी मैलांची असेल तर ती बहुधा दशमान पद्धत रुळण्याआधीची. भारतात ही पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. मद्रासमध्ये १९५५ पासून जुळू लागलेल्या बुलेटवर इंची आट्यांचे बोल्ट बराच काळ टिकले, त्यामुळे मिलिमीटरचा पाना जेथे नीट बसतो तेथे शंका घ्यायला जागा असते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. इंजिनाच्या झाकणावरच्या ओतीव अक्षरांत हा सगळा इतिहास वाचता येतो. अलीकडच्या प्लॅस्टिकच्या आणि साच्यातल्या ओतीव भागांवर घड्याळासारखी बारीक तबकडी असते आणि तिचा बाण महिना दाखवतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा नाना पेठेत पार्ट उलटून पाहणारा माणूस बहुधा हीच खूण शोधत असतो.

पण या खुणांवरून अनुमान काढताना न्यायशास्त्राची शिस्त पाळावी लागते. भागावर गाडीनंतरची तारीख असेल, तर तो नंतर बसवला हे निश्चित. तारीख गाडीच्या आधीची असेल, तर मात्र तो मूळचाच आहे असे ठरत नाही, कारण जुना भाग दुसऱ्या गाडीवरून काढून बसवता येतो. नैयायिक अशा हेतूला, म्हणजे अनुमानाच्या आधाराला, सव्यभिचार म्हणतात. तो साध्य असेल तेथेही आढळतो आणि नसेल तेथेही. विकणारा ‘सगळे ओरिजिनल आहे’ असे सांगतो, तेव्हा त्याचा आधार बहुतेक वेळा हाच व्यभिचारी हेतू असतो. तारीख भाग केव्हा घडला ते सांगते, तो या गाडीवर केव्हा आला याबद्दल ती मुकी असते.

भाग आणि अखंड वस्तू यांचे नाते काय, यावर तीन उत्तरे देता येतात. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने रथाचेच उदाहरण दिले. चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे, आणि यांच्यावेगळा रथही कोठे नाही. ‘रथ’ हे व्यवहाराचे नाव आहे. या मताने ‘मूळ गाडी’ शोधणे हे मृगजळामागे धावणे. नैयायिक याच्या विरुद्ध टोकाला उभा राहतो. अवयवांहून वेगळा अवयवी खराच असतो, असे तो म्हणतो. मात्र एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. कापडातला धागा काढला की ते कापड वेगळे झाले. या हिशेबाने स्पार्क प्लग बदलला तरी गाडी नवी! तर्काला हे पटेल, पण या न्यायाने रोज सकाळी आर.टी.ओ.त रांग लावावी लागेल.

जैनांचे उत्तर व्यवहाराला सर्वांत जवळचे आहे. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत सोन्याच्या घटाचे उदाहरण दिले आहे. घट मोडून मुकुट केला. घट हवा होता तो दुःखी झाला, मुकुट हवा होता तो आनंदला, आणि ज्याला केवळ सोने हवे होते तो दोन्ही वेळा तटस्थ राहिला. पर्याय, म्हणजे वस्तूचे रूप, बदलतो, द्रव्य टिकते, आणि दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी असतात. जुन्या फटफटीच्या भोवतीही ही तीन माणसे नेमाने जमतात. आजोबांच्या हाताने झिजलेली टाकी घासून रंगवली म्हणून नातू हळहळतो. कोऱ्या गाडीसारखी झळाळी आली म्हणून संग्राहक खूश होतो. भंगारवाला मात्र गाडी तराजूत घालतो आणि दोघांकडेही पाहत नाही. तिघांपैकी कोणालाही मूर्ख ठरवता येत नाही. प्रश्न एवढाच की गाडीचे नाव आणि साल सांगताना यांतल्या कोणाच्या नजरेने बोलायचे.

येथे धर्मशास्त्राचा आधार अनपेक्षितपणे कामी येतो. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’मध्ये जीर्णोद्धाराचा विधी आहे. मूर्ती किंवा लिंग जीर्ण, दग्ध, भग्न झाले किंवा जागेवरून चळले तर शांतिहोम करून जुने विधिपूर्वक काढावे आणि नव्याची प्रतिष्ठा करावी, हा सामान्य नियम. पण अनादिसिद्ध स्थानी भंग झाला तरी बदल करायचा नाही. तेथे महाभिषेक सांगितला आहे. म्हणजे शास्त्राने एकच उत्तर सर्वांना लावले नाही. काही वस्तूंचे पावित्र्य त्यांच्या कार्यात असते, म्हणून त्या बदलता येतात. काहींचे पावित्र्य त्यांच्या असण्यातच असते, आणि त्यांची फक्त निगा राखायची. पंढरपुरात विठ्ठलमूर्तीची झीज थांबवण्यासाठी २०२० मध्ये वज्रलेप केला गेला. मूर्ती बदलणे हा तेथे पर्यायच नव्हता. २०२४ मध्ये गाभाऱ्याच्या संवर्धनात नंतरच्या काळात चढलेल्या फरशा काढून मूळ दगड उघडा केला गेला. एकाच देवळात मूर्तीवर थर चढवला गेला आणि भिंतीवरचा थर उतरवला गेला, आणि दोन्ही कामांमागचा हेतू जतनाचाच होता.

फटफटीला हाच विवेक लावता येतो. रोज शेतावर जाणारी राजदूत कार्यासाठी आहे. तिचा पिस्टन, टायर, क्लच प्लेट बदलल्याने काहीच बिघडत नाही. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली, मूळ रंगाची, गंजाचे चार ठिपके मिरवणारी एखादी गाडी मात्र वेगळी. ती रंगवून चकचकीत करणे म्हणजे जीर्णोद्धाराच्या नावाखाली साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय. दुर्दैवाने हौशी लोक नेमके हेच अधिक करतात.

सरकारनेही या वादात आपली बाजू घेतली आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २० हजार आणि नूतनीकरणाला ५ हजार रुपये पडतात. कायद्याच्या लेखी ओळख चेसिस आणि इंजिनात आहे, मडगार्डात नाही. पण चेसिस एका गाडीचे आणि इंजिन दुसरीचे असेल, तर काय? एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजाच्या कोड्यात थॉमस हॉब्जने घातलेली भर येथे आठवते: काढून टाकलेल्या जुन्या फळ्यांचे कोणी दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? एका बुलेटच्या दोन बुलेट करणाऱ्या गॅरेजांत हे कोडे पोटापाण्यासाठी रोज सोडवले जाते, आणि कधी कधी नंबरचा नवा पंच मारूनही. तेथे तत्त्वज्ञान संपते आणि फसवणूक सुरू होते.

१९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली शर्यतगाडीचा खटला आला. १९२९ मध्ये ल मांची शर्यत जिंकलेल्या त्या गाडीतले मूळचे फारच थोडे उरले होते. तरीही न्यायालयाने तिला तेच नाव लावण्याची मुभा दिली, कारण बदल टप्प्याटप्प्याने झाले होते आणि गाडीचे अस्तित्व कधी खंडित झाले नव्हते. निवाडा नैयायिकाला पटला नसता. पण या निवाड्याने एक गोष्ट ठळक केली: तारीख भागाला असते, ओळख सातत्याला. सातत्य मात्र सिद्ध करावे लागते, आणि ते नोंदीशिवाय होत नाही.

पुढच्या पिढीचा प्रश्न येथेच येतो. जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. २०१३ चे बांधकाम बासष्टावे होते. लाकूड दर खेपेला नवे असते, पण बांधणारे हात आधीच्या पिढीकडून शिकलेले असतात. वारसा जतनाविषयीच्या १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाच्या कसोटीत वस्तूबरोबर परंपरा आणि तंत्रही धरले. जुन्या फटफटींच्या बाबतीत आज नेमके हेच तंत्र तुटत आहे. सिगारेटच्या कागदाने पॉइंट जुळवणारा, आवाजावरून टायमिंग ओळखणारा, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे ते डोळ्यांनी मोजणारा मिस्त्री म्हातारा झाला आहे. त्याच्या हाताखालचा पोरगा आता संगणकावर कोड वाचून बिघाड शोधतो आणि उद्या बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करील. त्यात त्याचा दोष नाही. सुटे भाग कोठूनही बनवून घेता येतील, कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतकाम आजही होते. पण बनवलेला भाग कसा बसवायचा हे सांगणारा नसेल, तर पन्नास वर्षांची मूळ गाडीही नुसते लोखंड ठरेल.

आज ज्याला तरुण जुनी गाडी म्हणतात ती यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली. तिची पहिली तुकडी २०३५ मध्ये पन्नाशीला पोचेल. तोवर ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी एक साधी वही करावी. कोणता भाग काढला, कोणता बसवला, कोठून आणला, किती तारखेला आणि कोणत्या मिस्त्रीने, एवढे तीत लिहावे, काढलेला भाग भंगारात न देता पोत्यात बांधून ठेवावा, आणि वही आर.सी. बुकाच्याच पिशवीत ठेवावी.