सेकोयाच्या राईत हात घालावा का?

सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात वणवा भडकला, तेव्हा ‘जनरल शर्मन’ या आकारमानाने जगातल्या सर्वांत मोठ्या झाडाच्या बुंध्याला अग्निशमन दलाने ॲल्युमिनियमची चादर गुंडाळली. सेकोया जातीचा हा शर्मन वाचला. इतर राईंचं नशीब एवढं थोर नव्हतं. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जगभरातल्या मोठ्या सेकोयांपैकी १३ ते १९ टक्के झाडं गेली, असा अंदाज आहे. ज्यांची साल दोन-दोन फूट जाड असते आणि जी हजारो वर्षं आगी पचवत आली, ती झाडं!

मग अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने ठरवलं, की जिथे नवी रोपं पुरेशी उगवत नाहीत तिथे ती लावायची, आणि उरलेल्या राईंतली गर्दी कमी करून नियंत्रित आग लावायची. याला कोण नाही म्हणेल? पण विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि विरोधक लाकडाचे ठेकेदार नव्हते. रानावर जीव टाकणारीच माणसं होती.

त्यांचा आधार १९६४ चा वन्यप्रदेश कायदा. काही भूभाग माणसाच्या हुकमतीबाहेर राहावेत, तिथे त्याने पाहुण्यासारखं यावं आणि जावं, ही त्यामागची भावना. रोपं लावली की रानाची बाग झाली, असं विरोधक म्हणतात. ही नुसती हळवी तक्रार नव्हे. रॉबर्ट एलियट या तत्त्वज्ञाने १९८२ मध्येच पुनर्निर्मित निसर्गाची तुलना नकली चित्राशी केली होती: हुबेहूब असलं तरी त्याचा जन्म वेगळा, म्हणून मोल वेगळं. पुढे एरिक कॅट्झने तर अशा पुनर्स्थापनेला थापच म्हटलं. माणसाच्या हेतूने घडवलेली वस्तू निसर्ग कशी?

युक्तिवाद देखणा आहे. पण तो ज्या अस्पर्श रानाबद्दल बोलतो, ते रान तिथे होतं कुठे?

मिवोक आणि मोनो लोक या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या जाणीवपूर्वक आग लावत. कॅलिफोर्नियाने १८५० च्या कायद्यात गवताळ माळ पेटवणं शिक्षापात्र ठरवलं. १९३५ मध्ये वनसेवेचा दंडक आला: आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवा. सेकोयाला मात्र आग हवीच असते. तिच्या उष्णतेने बंद शंकू उघडतात, राखेखालची उघडी माती आणि ऊन मिळालं की बी रुजतं. या रानांना देवळाचा मान देणाऱ्या जॉन म्यूरनेही एकोणिसाव्या शतकातच हे टिपलं होतं. आग बंद झाली, मोठ्या झाडांखाली फरची दाटी झाली, आणि पुढचा वणवा त्या फरच्या शिडीने थेट शेंड्यापर्यंत चढला. म्हणजे माणसाचा हात तिथे आधीपासूनच होता. काडीपेटी काढून घेणारा हात, एवढंच.

तरीही विरोधकांचं एक म्हणणं खोडता येत नाही. आग कुणी लावायची, कुणाच्या हेतूने, आणि चुकली तर भरपाई कोण करणार? एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत वनसेवेनेच लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली आणि दुसऱ्या एका आगीला मिळून तीन लाख एकरांहून अधिक प्रदेश जळाला. त्या राज्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा वणवा. आपल्याकडे महाभारतात खांडववन तर साक्षात अग्नीच्या मागणीवरून जाळलं गेलं, तरी इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये त्या दहनाकडे पुण्यकर्म म्हणून पाहिलं नाही. आगीमागचा हेतू तपासण्याचा हक्क कथेच्या वाचकाला असेल, तर डोंगराखाली घर असलेल्याला तो आधी हवा.

म्हणून आग आणि लागवड यांचा निवाडा एकत्र करू नये. नियंत्रित आगीची बाजू भक्कम आहे: जुनी ढवळाढवळ ती काही अंशी मागे घेते, आणि खुद्द १९६४ च्या कायद्यातही आगीच्या नियंत्रणासाठी उपाय करायची मुभा आहे. लागवडीचं तसं नाही. तिथे कोणतं बी, कोणत्या राईतलं, किती रोपं हे माणूस ठरवतो. जिथे शंकूंसकट झाडं खाक झाली आणि मोजणीत रोपं सापडतच नाहीत, तिथेच लागवडीला परवानगी असावी. जिथे मूठभर का होईना, रोपं आपणहून वर आली आहेत, तिथे उद्यान सेवेने कुदळ बाजूला ठेवावी.