नाडी आणि नाडणे

पुण्यात पूर्वी चौकाचौकात अमृततुल्य असे. आताही आहे, पण त्याच्या डाव्या अंगाला पॅथॉलॉजी, उजव्या अंगाला सोनोग्राफी आणि माडीवर गुडघे बदलून देणारे डॉक्टर. साखर खाली वाढवावी आणि शेजारी मोजून घ्यावी, अशी सोय झाली आहे.

आमचे शेजारी नाना म्हणतात, दुसऱ्याच्या आजारपणावर नफा कमावणं हे शुद्ध पाप.

"मग वाणी आपल्या भुकेवर नफा कमावतो, त्याचं काय?" मी विचारलं.

नानांनी चष्मा काढला. उत्तर सुचलं नाही की ते चष्मा पुसतात.

पण प्रश्न मला सोडीना. भुकेवर नफा चालतो, मग तापावर का चालू नये? विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. वाण्याकडे मी दोन किलो तांदूळ मागतो. "तुम्हाला पाच लागणार, आणि आजच न्या, उद्या उशीर होईल," असं तो म्हणाला तर मी समोरच्या दुकानात जाईन. डॉक्टरकडे मात्र काय हवं, किती हवं आणि कधी हवं, हे विकणाराच सांगणार! आपण आपले जीभ बाहेर काढून बसलेले. जीभ बाहेर असताना घासाघीस करता येते का? केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६३ साली याच अडचणीवर भला मोठा निबंध लिहिला. रोग्याला माल पारखता येत नाही, तेव्हा हा सारा व्यवहार विश्वासावरच चालायचा, असा त्याचा मथितार्थ.

"म्हणूनच म्हणतो, धर्मादाय हवं. आपलं ससून बघा," नाना म्हणाले.

बघितलं. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते १८६७ साली उभं राहिलं. शेटजींची कमाई कापसाची, आणि चीनला जाणाऱ्या अफूची. तिकडे माणसं झिंगली, इकडे गोरगरिबांची बाळंतपणं सुटली. आता यात पाप किती नि पुण्य किती, याचा हिशेब चित्रगुप्तानंच करावा. नाना एवढंच म्हणाले, "ते वेगळं."

हल्लीच्या धर्मादाय इस्पितळांनाही उच्च न्यायालयानं २००६ साली योजना आखून दिली आहे. दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट, आणखी दहा टक्के दुर्बलांना सवलतीत. मात्र तशी पाटी इस्पितळात कुठं लावली आहे, हे हुडकायला माणूस चांगला धडधाकट लागतो.

तरी जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. कागदाची पट्टी चिकटवलेली बाटली, लाल मिक्श्चर, घरचे डॉक्टर, सगळं खरं. पण तेव्हा माणसं फार स्वस्तात मरत. गेल्या वर्षी नानांच्या छातीत कळ आली, ती त्या काळात आली असती तर आज हा वाद घालायला नाना नसते.

त्या रात्री दोन वाजता त्यांच्या मुलाला बाहेर बोलावून विचारण्यात आलं, "एक तातडीचा आहे. दुसराही घालून टाकायचा का? तुम्ही ठरवा." मुलगा बँकेत कारकून. त्यानं जन्मात स्टेंट पाहिला नव्हता. तो म्हणाला, "घाला." बापाच्या बाबतीत "एकच घाला" म्हणणारा मुलगा पुढे रोज आरशात कसा बघणार? सरकारनं २०१७ साली स्टेंटची किंमत बांधून दिली, ते उत्तम झालं. पण किती घालायचे, ते कोण बांधणार? खरोखर किती लागत होते, हे त्या घरात अजून कुणालाही माहीत नाही. मुलगा तो विषय काढू देत नाही.

नाना शुद्धीवर आले ते बिल वाचायलाच. हातमोजे बेचाळीस जोड! काउंटरवर जाऊन त्यांनी एकेक ओळ तपासली. मग म्हणाले, "रात्री मला भीती वाटत होती, तेव्हा एक सिस्टर हात धरून पाऊण तास बसली होती. ते कुठल्या रकान्यात?"

"त्याचा चार्ज नसतो, आजोबा," क्लार्क म्हणाला.

नानांनी चष्मा पुसला.

"तिनं मोजे घातले नव्हते," ते म्हणाले. "एक जोड वजा करा."