नांदण्याची सक्ती आणि व्हिसा

विवाह हा संस्कार असेल, तर छळ होत असतानाही तो निभावणे हा धर्म ठरतो का? शास्त्रकारांत यावर एकमत नव्हते. कौटिल्याने परस्पर द्वेष असल्यास पतिपत्नींना मोकळे होऊ दिले, पण धर्मविवाहांना ही सवलत नाकारली. पराशरस्मृतीने पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करण्याची मुभा दिली; त्या पाचांत मारहाण नाही. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना सांगितले, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचे कारण झाले ते १९७६ च्या दुरुस्तीने.

परदेशी नांदणाऱ्या स्त्रीपुढे हाच प्रश्न व्हिसाच्या रूपाने येतो. अमेरिकेत जोडीदाराच्या ग्रीन कार्डाचा अर्ज नवऱ्याने करायचा असतो आणि तो मागेही त्यालाच घेता येतो. पासपोर्ट त्याच्या कपाटात आणि ‘फाइल मागे घेईन’ ही धमकी रोजची, अशा घरात बाई राहिली म्हणून ती राजीखुशीने राहिली असे म्हणता येत नाही. बाहेर पडण्याची वाट असेल तरच राहण्याला संमती म्हणायचे. वाट बंद असेल, तर सहनशीलतेला पातिव्रत्य म्हणून गौरवणे हा निव्वळ दांभिकपणा आहे.

अमेरिकेने ही वाट १९९४ च्या स्त्रीहिंसाविरोधी कायद्याने उघडली. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराकडून मारहाण वा अतीव क्रूरता झाली असेल, तर पीडिताला आय-३६० हा अर्ज स्वतःच करता येतो. नाव स्त्रियांचे असले तरी छळ सोसणारे नवरेही तो करू शकतात. विवाह खरा होता, दोघे एकत्र राहिले होते आणि अर्जदाराचे वर्तन चांगले आहे, हे दाखवावे लागते. अंगावर वळ असलेच पाहिजेत असे नाही. धमक्यांचे मेसेज, शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, डॉक्टरची नोंदही विचारात घेतली जाते. छळ करणाऱ्याला अर्जाची माहिती दिली जात नाही. घटस्फोट झाला असला तरी, त्याचा छळाशी संबंध दाखवता आल्यास, दोन वर्षांच्या आत अर्ज चालतो. दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड आधीच हाती असेल, तर अटी काढण्यासाठी नवऱ्याची सही लागू नये म्हणून वेगळी सूट मागता येते.

नवरा एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर आय-३६० अर्ज करता येत नाही. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी मराठी मुली नेमक्या याच पेचात असतात. छळ सिद्ध झाल्यास त्यांना नोकरीचा परवाना मिळू शकतो, पण कायम वास्तव्य नाही. पोलिसांना तपासात साहाय्य केल्यास गुन्ह्याच्या पीडितांसाठीचा यू व्हिसा मागता येतो. मुख्य अर्जदारांसाठी त्याची वार्षिक मर्यादा १०,००० आहे आणि प्रतीक्षा अनेक वर्षांची.