समतोल म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे



आपल्या घरातील मुलांना आणि तरुणांना 'स्टार वॉर्स' हे नाव नवीन नाही. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचा या मालिकेतील पहिला चित्रपट १९७७ साली पडद्यावर आला. अवकाशयाने, प्रकाशाच्या तलवारी, चित्रविचित्र जीव, असा सगळा थाट. सारे काल्पनिकच. परंतु या कथेत एक भाकीत आहे आणि त्याचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न आपल्या रोजच्या जगण्याशी येऊन भिडतो.

भाकीत असे : एक 'निवडलेला' येईल आणि 'फोर्स'मध्ये समतोल आणील. फोर्स म्हणजे सर्व सजीवांना जोडणारी अदृश्य शक्ती. इतरांच्या रक्षणासाठी ती वापरतात ते जेडाय. राग, भय आणि सत्तेची हाव यांच्या बळावर ती वापरतात ते सिथ. १९९९च्या 'द फँटम मेनेस'मध्ये क्वाय-गॉन जिन या जेडाय गुरूला गुलामीत वाढलेला अॅनाकिन नावाचा मुलगा भेटतो. हाच तो निवडलेला, अशी गुरूची खात्री पटते. पण २००५च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये, पत्नीला गमावण्याच्या भीतीपोटी, हाच अॅनाकिन सिथांना जाऊन मिळतो. डार्थ व्हेडर बनतो. जेडायांच्या मंदिरात शिरून लहान मुलांनाही ठार मारतो. मग भाकीत खोटे ठरले काय?

काही प्रेक्षक म्हणतात, ते तेव्हाच खरे ठरले! जेडाय पुष्कळ होते, सिथ दोनच. संहारानंतर योडा आणि ओबी-वान हे दोन थोर जेडाय उरले. समोर सम्राट आणि व्हेडर हे दोन सिथ. दोनास दोन, तराजू सरळ. हिशेब चोख वाटतो. पण तो मान्य केला, तर त्या मुलांची हत्यासुद्धा भाकिताची पूर्तता ठरते. ज्या हिशेबात निष्पापांचे रक्त पारड्यात टाकावे लागते, तो हिशेब मुळातच चुकलेला असतो.

स्वतः लुकास यांचा अर्थ निराळा आहे. समतोल बिघडला तो सिथांमुळे. ते संपले की तो परत येतो. आपल्या शरीराचेच पाहा ना! ताप आणि आरोग्य निम्मे-निम्मे असले, तर आपण 'प्रकृती उत्तम' म्हणतो का? ताप उतरला की म्हणतो. काम आणि विश्रांती यांचा तोल सांभाळावा, कारण दोन्ही चांगली. खरे आणि खोटे यांचा तोल कसला सांभाळायचा?

सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीन याच प्रश्नाशी झुंजले. तरुणपणी ते नऊएक वर्षे मानी नावाच्या गुरूच्या पंथात होते. प्रकाश आणि अंधार या दोन अनादी शक्ती आहेत, असे तो पंथ मानी. पुढे ऑगस्टीन यांनी तो सोडला आणि सांगितले की, वाइटाला स्वतःचे अस्तित्व नाही. चांगल्याची उणीव तेच वाईट.

१९८३च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये व्हेडरचा मुलगा ल्यूक बापाला ठार मारण्यास नकार देतो आणि शस्त्र फेकून देतो. सम्राट मुलाला छळून मारू लागतो, तेव्हा व्हेडर सम्राटालाच उचलून खोल गर्तेत फेकतो आणि त्यात स्वतःही प्राण गमावतो. भाकीत पूर्ण झाले ते आकड्यांनी नव्हे, एका माणसाच्या निर्णयाने. तो निर्णय भाकिताने त्याच्यासाठी आधीच घेऊन ठेवला नव्हता.

आपणही असे तराजू घेऊन बसतो, नाही का? बहिणीचा जमिनीतला वाटा दाबायचा आणि सणाला भरघोस देणगी द्यायची. आठवडाभर घरच्यांवर हात उगारायचा आणि रविवारी सर्वांना गोड खाऊ घालायचे. मग म्हणायचे, "चालायचेच, थोडे इकडे थोडे तिकडे." देणगी चांगलीच आहे, पण बहिणीचा वाटा तिला मिळेपर्यंत समतोल आलेला नसतो.

व्हेडरच्या शेवटच्या कृत्याने ती मुले परत आली नाहीत. त्याची जमा-वजाबाकी झाली नाही. पण त्याच्या हातून चाललेले वाईट तिथे थांबले. आपल्या हातून चाललेले कोणते वाईट आज थांबवता येईल? या आठवड्यात प्रत्येकाने आपापल्या घरी एवढे तरी शोधूया.