रांग आणि तिचा नियम

उत्सवाच्या दिवशी देवळाच्या दारात लागलेली रांग सहसा कुरकुरत नाही. पालखीपुढे कोणी चालावे, पहिला मान कोणाचा, हे ठरलेले असते. आणि ज्यांस तो मान नाही त्यांसही तो कोणाचा आहे हे ठाऊक असते. बाजूच्या दाराने कोणी आत गेला व तो का गेला हे कोणी सांगेना, म्हणजे मात्र कुजबुज सुरू होते. विमानकंपन्यांच्या प्रतीक्षायाद्यांविषयी आम्हांस जे म्हणावयाचे आहे त्याचे मूळ येथेच आहे.

बेळगाव-निपाणीकडील कित्येक घरांतील मुले आज परदेशी आहेत, व त्यांस भेटावयास निघालेले आईबाप मुंबई, बंगळूर वा गोव्याहून विमान धरतात. एकाच कंपनीने वारंवार प्रवास केल्यास गुण साठतात, गुणांवरून श्रेणी मिळते, आणि वरच्या वर्गात जागा उरल्यास ती मिळण्याची आशा दाखविली जाते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली अशी योजना काढली. पुढे ती जगभर पसरली. आपल्याकडे एअर इंडियाची योजना २०२५ पासून ‘महाराजा क्लब’ या नावाने चालते.

आता, या यादीतील क्रम प्रवाशास कळावा की नाही? युनायटेड, डेल्टा यांसारख्या अमेरिकन कंपन्या विमानतळावरील फलकावर आडनावाची आद्याक्षरे क्रमाने दाखवितात. अन्यत्र पुष्कळदा ‘आपण यादीत आहात’ एवढ्यावरच बोळवण होते.

कंपन्यांचा कैवार घेणारे म्हणतात की वरची जागा ही कृपा आहे, हक्क नव्हे. आणि कृपेचा हिशेब मागावयाचा नसतो. प्रसादाविषयी हे खरे आहे. परंतु देव प्रसादाच्या आशेने कोणास विशिष्ट कंपनीचे महाग तिकीट घ्यावयास लावीत नाही! जेथे आशा दाखवून निष्ठा विकत घेतली जाते तेथे व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हटला की हिशेब आलाच.

शिवाय यादीतील पहिल्या माणसास डावलून तीच जागा शेवटच्या घटकेस थोड्या पैशांत दुसऱ्यास विकली जाऊ शकते. कंपनीने जागा विकू नये असे आमचे म्हणणे नाही. पण रांगेत उभे केलेल्यास ते सांगितलेच नाही, तर त्या रांगेस रांग म्हणणे हाच मुळी असत्याचा प्रकार होय.

केवळ क्रमांक सांगितल्यानेही भागत नाही, हे आपणांस रेल्वेने शिकविले आहे. निपाणीस रेल्वे नाही; तेथील माणूस बेळगाव, कोल्हापूर वा चिकोडी रोड गाठतो. मधल्या स्थानकाच्या संयुक्त कोट्यातील दहावा क्रमांक आणि आरंभस्थानाच्या सर्वसाधारण यादीतील दहावा क्रमांक यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. अंक तोच, आशा निराळी. तातडीच्या कोट्याची गोष्ट तर बोलूच नये. मात्र रेल्वेच्या पदरी एक पुण्य आहे. उरलेली वरची जागा खालच्या वर्गातील पूर्ण भाडे भरलेल्या प्रवाशास विनामूल्य देण्याची तिची योजना २००६ पासून आहे. तीत निवड यंत्र करते, व सुटलेली जागा प्रतीक्षायादीतील कोणाच्या तरी कामी येते.

सर्वच उघड करावे असेही आम्ही म्हणत नाही. डब्यावर चिकटविलेल्या तक्त्यात एकट्या प्रवास करणाऱ्या मुलीचे नाव व वय साऱ्या फलाटास वाचता येई; ते तक्ते मोठ्या स्थानकांवर २०१८ साली बंद झाले, हे बरेच झाले. दुसऱ्याचे नाव जाणण्याचा आपणांस अधिकार नाही. क्रम कशावरून लागतो, आपल्यापुढे किती जण आहेत, आणि जागा शेवटपर्यंत विकल्या जाणार आहेत की काय, या तीन गोष्टी मात्र तिकीट घेतानाच सांगाव्यात. मग गुडघ्यांनी जेरीस आणलेला निपाणीचा गृहस्थ वरच्या जागेचे पैसे आधीच भरावेत, की सोळा तास पाय आखडून बसण्याची तयारी ठेवावी, हे घरी बसूनच ठरवील.