खदानीच्या अटी आणि गावाचा अधिकार

दगडखाणीचा परवाना म्हणजे सरकार आणि खाणधारक यांच्यातला लेखी करार. त्यातल्या बऱ्याच अटी मात्र या दोघांसाठी नसतात. सुरुंग कोणत्या वेळी उडवायचा, वस्तीपासून किती अंतर सोडायचे, किती खोल जायचे, रस्त्यावर पाणी केव्हा मारायचे, गिट्टीच्या टिप्परवर ताडपत्री टाकायची की नाही, काम संपल्यावर खड्ड्याचे काय करायचे, हे सगळे शेजारच्या गावासाठी लिहिलेले असते. त्या कागदावर गावाची सही नसते. दोघांत झालेल्या वचनाचे पालन तिसऱ्याने कोणत्या अधिकाराने मागावे, हा प्रश्न कायद्याचा आहेच. पण तो मुळात धर्मविचाराचा आहे, आणि भारतीय परंपरेने त्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टींचा फार पूर्वीच विचार केला आहे.

यवतमाळ जिल्ह्याचा दारव्हा तालुका दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. जाते, पाटा, विहिरीचे बांधकाम, देवळाची पायरी, पारावरचा शेंदूर माखलेला मारोती, सगळे या एकाच दगडाचे. या भागातले भूजलही त्याच्याच आधाराने टिकते. हा पाषाण अखंड असेल तर त्यात पाणी मुरत नाही. ते राहते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. खदान या पाण्याच्या पातळीखाली गेली की आजूबाजूच्या भेगांतले पाणी खड्ड्याकडे ओढले जाते, पंप ते नाल्यात फेकतो आणि जवळच्या विहिरी लवकर आटू लागतात. क्रशरची पांढरी भुकटी कपाशीच्या पानांवर बसते. बोंड फुटायच्या दिवसांत ती कापसातही शिरते. म्हणून खोलीची अट म्हणजे विहिरीची अट, आणि पाणी मारण्याची अट म्हणजे पिकाची अट.

जिल्ह्याच्या पूर्वेला वणीकडे कोळसा आहे, त्याचा गाजावाजा होतो; दगडाचा होत नाही. १९५७च्या खाण व खनिज कायद्याने इमारती दगड आणि खडी यांना ‘गौण खनिज’ ठरवले आणि त्यांचे नियम करण्याचे काम राज्यांवर सोपवले. महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३चे आहेत. गौणपणा हा वर्गवारीपुरता आहे. ज्याच्या भिंतीला तडा जातो त्याच्या दृष्टीने त्यात गौण काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. लहान लहान तुकडे पाडून परीक्षेतून सुटण्याची वाट त्यामुळे अडली.

दगड कोणाचा, या प्रश्नाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८चे उत्तर सरळ आहे: राज्याचा. वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचे उत्तर इतके सरळ नव्हते. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. मग सार्वभौम राजाने हा यज्ञ केला तर पृथ्वीही दान करावी काय? जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायात याचा निर्णय ‘नाही’ असा आहे, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामींच्या भाष्यानुसार राजाला रक्षणाबद्दल उत्पन्नाचा वाटा मिळतो, भूमीची मालकी मिळत नाही. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात हाच धागा पुढे नेला: राज्य जिंकले तरी राजाचा हक्क कर घेण्यापुरता, शेतांचे स्वामित्व भूमिधारकांचे. नीलकंठांचे घराणे मूळचे पैठणचे, काशीत स्थायिक झालेले. त्यांच्या ग्रंथाला मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत मोठे प्रामाण्य होते.

दुसरी बाजूही परंपरेतच आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. कौटिल्य खाणींना कोशाचे मूळ मानतो. जड खर्चाची खाण वाट्याने किंवा ठराविक रकमेने दुसऱ्याला द्यावी आणि सोपी खाण राज्याने स्वतः चालवावी, असे तो सांगतो. तेव्हा खाण भाडेपट्ट्याने देणे ही काही आजची पद्धत नव्हे. पण राज्याचा हक्क कौटिल्याच्या मापाने मोजला किंवा शबरस्वामींच्या, तरी राज्याचा वाटा रक्षणाशी बांधलेला राहतोच. कर घेऊन प्रजेचे रक्षण न करणाऱ्या राजाला मनुस्मृतीने नरकाचा धनी म्हटले आहे. आज त्या वाट्याला स्वामित्वधन म्हणतात. ते वसूल करायचे आणि अटींकडे पाहायचे नाही, तर मोबदला घेतला आणि काम टाकले असा त्याचा अर्थ होतो. म्हणूनच अटी पाळायला लावा, हा गावाचा आग्रह सरकारी कामातली लुडबूड ठरत नाही. ज्या रक्षणासाठी सरकार वाटा घेते, तेच रक्षण गाव मागत असते.

सामूहिक करार मोडणे हा धर्मशास्त्रात स्वतंत्र वादविषय आहे. मनूच्या अठरा व्यवहारपदांत ‘संविद्-व्यतिक्रम’ येतो; गाव, देश आणि संघ यांनी केलेले ठराव मोडणाऱ्याचा विचार त्यात आहे. गाव एक व्यक्ती म्हणून वचन देऊ शकते आणि मागूही शकते, ही कल्पना तिथे गृहीत आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीहून तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’तून गावालाच देव मानायला शिकवले. त्या दृष्टीने गावाची विहीर राखणे ही पूजाच ठरते.

यावर आक्षेप येतो तो गावातूनच. रस्त्याला गिट्टी लागते, घरकुलाला लागते; टिप्परचा चालक गावचा, आणि दगड फोडण्यावर वडार समाजाच्या कित्येक कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या पोट भरले आहे. आक्षेप खरा आहे. पण अटींचा आग्रह म्हणजे खदान बंदीची मागणी नव्हे. दगड काढावाच लागतो हे मान्य करूनच अट घातली जाते. परवाना टिकावा असे ज्याला वाटते, त्याने तर अटी आधी पाळाव्यात.

अटींनी न भागणाऱ्या जागाही आहेत. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंध लोकांचा देव नियमराजा राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३च्या निकालानंतर तिथल्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची पूर्वशिफारस बंधनकारक केली आहे. यवतमाळ जिल्ह्यातली मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतली काही गावे त्या क्षेत्रात मोडतात. दारव्हा मोडत नाही. म्हणून दारव्ह्याच्या गावांच्या हाती मुख्यतः अटीच उरतात, आणि त्या ठाऊक असणे पहिले.

ठाऊक करून घेण्याची सोय कायद्यात आहे. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. अर्ज केल्यास कोणालाही त्याची प्रत मिळाली पाहिजे. अहवालात ‘पाणी मारले जाते’ असे लिहिलेले असेल आणि पांदणीवर बोटभर धूळ असेल, तर तलाठ्याला बोलावून पंचनामा मागता येतो.

दंडाचा प्रश्न वेगळा. बेकायदा उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७)खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि तो तिजोरीत जमा होतो. आटलेली विहीर त्याने भरत नाही. धर्मशास्त्राने राजदंड आणि प्रायश्चित्त या दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या आणि चोरीत मूळ वस्तू धन्याला परत देण्यावर भर दिला. २०१०च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १५मध्ये भरपाईबरोबर मालमत्ता आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचे आदेश देता येतात, ते या विचाराच्या बरेच जवळ आहे. न्यायाधिकरणाचे पुण्यातले पीठ दारव्ह्याहून लांब आहे, वकिलाचा खर्चही आहे. तरी न्यायाची ही वाट खुली आहे.

राहतो तो शेवटच्या खड्ड्याचा प्रश्न. तुला खणून जे काढले ते लवकर पुन्हा उगवो, अशी प्रार्थना अथर्ववेदाच्या पृथ्वीसूक्तात आहे. औषधी उगवते, दगड उगवत नाही. गोव्याच्या लोहखनिजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी विक्रीमूल्याच्या दहा टक्क्यांचा कायम निधी पुढच्या पिढ्यांसाठी ठेवायला सांगितले, ते याच जाणिवेतून. गिट्टीच्या खदानीसाठी इतका निधी कोणी ठेवत नाही. तिथे कड्याला उतार देणे, भोवती कुंपण घालणे, बाजूला काढून ठेवलेली माती परत पसरणे, झाडे लावणे, एवढेच खाणधारकाकडून मागता येते. पट्टा संपल्यावर यंत्रे दुसऱ्या गावाला जातात आणि पुन्हा विचारायला कोणी सापडत नाही. त्यामुळे खड्ड्याच्या अटीची मोजणी खदान चालू असतानाच, दर सहामाही अहवालाबरोबर, ग्रामसभेने करून घ्यावी लागते.