जलविहार आणि मनुष्यऋण

एखाद्या सुखाची किंमत आपण नव्हे, दुसऱ्या कोणी तरी दिली आहे हे कळल्यानंतरही ते सुख निर्दोष राहू शकते काय, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु प्रश्न जुना असला म्हणजे त्याचे उत्तर आयते मिळते असे नाही; प्रत्येक पिढीस तो आपापल्या सुखांच्या संदर्भात नव्याने सोडवावा लागतो. आमच्या पिढीच्या सुखांत अलीकडे ज्या एका सुखाची भर पडली आहे, त्याच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

आम्ही राहतो ते तळवडे. एका अंगास देहू, दुसऱ्या अंगास चाकणचे कारखाने आणि मधून वाहणारी इंद्रायणी, असे ह्या गावाचे स्थान आहे. एके काळी येथे शेतीवाडी होती. आता यंत्रांचे व संगणकांचे राज्य आहे. आठवडाभर यंत्रांच्या तालावर चालणाऱ्या माणसास सुटीच्या दिवशी मोकळे आकाश हवेसे वाटते, ह्यात नवल नाही. म्हणून हल्ली आमच्या परिचयाच्या अनेक कुटुंबांत अशी चाल पडली आहे की, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांची सवड काढावी, दीडशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास करून महाबळेश्वरच्या पायथ्याशी तापोळ्यास जावे, कोयनेच्या शिवसागर जलाशयात लहान होड्या घालाव्यात, पाण्यातून वर आलेल्या टेकड्यांना वळसे घालीत दिवस काढावा आणि रात्री काठावर तंबू ठोकून राहावे. बरोबर एक जाणता वाटाड्या असतो. कोठे वारा अडतो, कोठे बुडीत झाडांचे खुंट आहेत, कोणत्या वेळी पाणी ओलांडू नये, हे त्यास ठाऊक असते. पलीकडचा काठ कोयना अभयारण्याचा. तेथे मुक्काम करता येत नाही. म्हणून तंबू पडतात ते गावांच्या बाजूस. आम्हीही असे गेलो आहो, आणि त्या तीन दिवसांचे सुख खरे होते हे प्रथमच सांगून टाकतो. ज्या सुखाची चिकित्सा करावयाची, त्यास आधीच खोटे ठरविणे हा अप्रामाणिकपणा होय.

ह्या होडीस कयाक म्हणतात. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनी ती घडविली. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा देवमाशाच्या हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवावयाचे, आणि ती शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने बेतावयाची, अशी तिची रीत होती. दुतोंडी वल्ह्याने ती चालते. आवाज जवळजवळ होत नाही, कारण सावजाला चाहूल लागता उपयोगाचे नाही. म्हणजे जी वस्तू एका समाजाने पोटासाठी निर्मिली, ती दुसऱ्या समाजाने करमणुकीसाठी उचलली. ह्यात दोष काही नाही. मनुष्याच्या बहुतेक खेळांचा उगम कोणाच्या ना कोणाच्या श्रमात आहे. परंतु एवढे लक्षात ठेवावे की, एकाचे काम हा दुसऱ्याचा खेळ होतो, तेव्हा त्या दोघांच्या मध्ये एक नाते उत्पन्न होते, आणि ते नाते खेळणाऱ्यास सहसा दिसत नाही.

येथे कोणी असा पहिला आक्षेप घेतील की, वाटाड्याच्या मागे मागे, पैसे मोजून, जीवरक्षक जाकीट घालून केलेले हे साहस ते साहस कसले? आम्हास हा आक्षेप फारसा महत्त्वाचा वाटत नाही. संकटाची शक्यता जितकी अधिक तितका पुरुषार्थ मोठा, हे मत वरवर पाहता तेजस्वी वाटते. परंतु ज्याच्यावर घरादाराचा भार आहे त्याने केवळ फुशारकीसाठी जीव पणास लावणे ह्यास पुरुषार्थ म्हणण्यापेक्षा बेजबाबदारी म्हणणे अधिक यथार्थ होईल. शिवाय जाणत्याच्या शब्दाप्रमाणे वागणे हीही एक शिस्त आहे. जो मनुष्य कारखान्यात शंभर जणांस हुकूम देतो, त्यास पाण्यावर गेल्यावर एका खेडुताच्या खुणेबरोबर वल्हे थांबवावे लागते; आपले ज्ञान सर्वत्र चालणारे नाणे नव्हे, हा धडा त्यास दुसरीकडे क्वचितच मिळेल. तेव्हा वाटाड्यामुळे साहस कमी होते की नाही हा खरा प्रश्नच नव्हे. खरा प्रश्न असा की, त्या वाटाड्यास ही वाट ठाऊक कशी?

ह्याचे उत्तर तो स्वतःच सहजपणे देतो. वल्हे मारता मारता तो पाण्याकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, ‘इथं खाली आमच्या आजोबांचं घर होतं.’ त्याच्या स्वरात गाऱ्हाणे नसते. आपण ज्या सुरात ‘तो आमचा वाडा’ असे म्हणतो, त्याच सुरात तो हे सांगतो. मग ध्यानात येते की ही बेटे निसर्गाने निर्मिलेली बेटे नव्हेत. ते बुडालेल्या डोंगरांचे माथे आहेत. आणि ज्या डोंगरांचे माथे वर आहेत, त्यांच्या पायथ्याची गावे खाली आहेत.

इतिहास थोडक्यात असा आहे. कोयनेवर धरण बांधण्याचे काम १९५० नंतरच्या दशकात हाती घेण्यात आले व १९६४ च्या सुमारास ते पुरे झाले. धरणाची उंची सुमारे १०३ मीटर, आणि त्याच्या मागे साठणारे पाणी आज सुमारे १०५ अब्ज घनफूट. हे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस सोडून त्याच्या पडण्याच्या जोरावर वीज निर्माण करतात. तिच्या बळावर महाराष्ट्राचे उद्योग उभे राहिले, आणि कोयनेस महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणण्याचा प्रघात पडला. ते म्हणणे अयथार्थ नाही. पण भाग्यरेषा एकाच्या तळहातावर उमटली आणि तळहात मात्र दुसऱ्याचा चिरला गेला, हेही तितकेच खरे. कोयनाकाठची माणसे उठली व ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. त्या काळी प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच अस्तित्वात नव्हता. महाराष्ट्रात असा पहिला कायदा झाला तो १९७६ साली. कित्येक कुटुंबांच्या जमिनीच्या मागण्या पुढे दोन पिढ्या रेंगाळल्या. २०१८ साली ह्याच कारणासाठी कोयनानगर येथे प्रकल्पग्रस्तांना ठिय्या देऊन बसावे लागले.

कोयनेचीच गोष्ट अशी आहे असेही नाही. मुळा आणि निळा ह्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण होऊ घातले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच, त्याच्या पाण्याने भिरा येथे वीज उत्पन्न होऊन ती मुंबईकडे गेली, आणि आता मुळशीचा काठ सुटीच्या दिवशी पुण्याच्या मोटारींनी भरून जातो. आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर पवनेचे घ्यावे. १९७२ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ह्या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. त्याच्या काठावरही आज तंबूंची दाटी असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ उघडे पडते आणि लोक हौसेने ते पाहावयास जातात. त्याच पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने शहरास न्यावयाच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी रस्त्यावर आले, तेव्हा गोळीबार होऊन तीन माणसे प्राणास मुकली. आम्ही रोज सकाळी जो नळ सोडतो, त्याच्या दुसऱ्या टोकास हा इतिहास आहे.

ह्यावर दोन उत्तरे सुचविण्यात येतील. पहिले असे की, ह्या न्यायाने जगात कोणतेच सुख निर्दोष उरणार नाही. किल्ले वेठीने बांधले गेले, शहरे कोणाच्या तरी शेतांवर वसली. मग किल्ले पाहू नयेत आणि शहरांत राहू नये की काय? ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच ‘अशा जागी जाऊ नये’ असा उपदेश आम्ही करीत नाही. आम्ही जाण्याचे थांबविल्याने एकही बुडालेले घर वर येणार नाही. परंतु किल्ल्यासाठी वेठीस धरलेला मनुष्य कित्येक शतकांपूर्वी गेला. त्याचे देणे आता कोणास देणार? कोयनेचे तसे नाही. तेथील देणेकरीही हयात आहे आणि घेणेकरीही हयात आहे. एवढेच नव्हे, तर दोघे एकाच जलाशयावर एकमेकांसमोर वल्ही मारीत आहेत. काळाने जे ऋण बुडविले त्याबद्दल हळहळ पुरे. जे ऋण अजून चालू आहे त्याबद्दल हळहळ पुरत नाही.

दुसरे उत्तर अधिक व्यवहारी आहे. प्रवासी आल्याने त्या मुलखात पैसा येतो; वाटाड्यास मजुरी मिळते, तंबूवाल्यास भाडे, स्वयंपाक करणाऱ्या बाईस चार पैसे मिळतात. मग आणखी काय हवे? हेही खरे आहे. परंतु मजुरी ही कामाची फेड आहे, घराची नव्हे. ज्याने तीन दिवस आमची होडी सांभाळली त्यास तीन दिवसांचा मोबदला दिला, तर त्या तीन दिवसांचा हिशेब पुरा झाला. त्याच्या आजोबांचा हिशेब त्यात आला कोठे? दोन खाती एकत्र करून एकाच्या जमेने दुसरे बंद करणे ह्यास सावकारीतही लबाडीच म्हणतात.

रोमन कवी लुक्रेशियस ह्याने फार पूर्वी असे म्हटले आहे की, वादळात सापडलेल्यास किनाऱ्यावरून पाहण्यात एक गोडी असते. दुसऱ्याच्या दुःखात आनंद असतो म्हणून नव्हे, तर आपण त्यातून सुटलो आहो ह्या जाणिवेने. आमच्या जलविहारात ह्याच्या उलट प्रकार आहे. ज्यांचे सर्वस्व बुडाले ते काठावर उभे आहेत आणि आम्ही पाण्यावर सुखाने तरंगत आहो. लुक्रेशियसच्या प्रेक्षकास समोरची आपत्ती निदान दिसत तरी होती. आमच्या आपत्तीवर पाणी फिरले आहे, आणि ते पाणी सुंदर आहे. सौंदर्याचा हा एक धोका आहे की, ते चौकशी थांबविते. जे कुरूप आहे त्याचे कारण आपण विचारतो. जे सुंदर आहे ते आपोआपच असे झाले असावे, असे मानून चालतो.

तेव्हा निर्दोष सुखाची कसोटी आमच्या मते अशी असावी: जे सुख टिकण्यासाठी अज्ञानाची गरज लागते ते सदोष, आणि जे ज्ञान झाल्यावरही टिकते ते निर्दोष. पाण्याखाली काय आहे हे कळताच ज्याचा विरस होतो, आणि म्हणून ‘ह्या गोष्टी आता कशाला’ असे जो म्हणतो, त्याचे सुख पहिल्या जातीचे. जो ते ऐकून घेतो, गावाचे नाव विचारतो, आणि तरीही संध्याकाळच्या उन्हात पाण्याकडे प्रेमाने पाहू शकतो, त्याचे सुख दुसऱ्या जातीचे. मात्र केवळ जाणणे म्हणजे फेडणे नव्हे. जाणणे ही ऋणाची कबुली आहे, आणि कबुलीच्या पुढे फेडीचा मार्ग सुरू होतो.

आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांच्या तोंडी आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे, मनुष्यऋण, सांगितले आहे. आणि माणसांस अन्न व आश्रय देऊन ते फिटते असे तेथे म्हटले आहे. ह्या विचाराने शिवसागराच्या काठावरील तंबूकडे पाहावे. तेथे आश्रय कोण देतो आणि घेतो कोण? ज्यांचा निवारा गेला ते निवारा देत आहेत. ज्यांची भातखाचरे बुडाली ते आमच्या पानात गरम भात वाढीत आहेत. शास्त्राप्रमाणे ऋणको आम्ही, आणि फेड मात्र धनको करीत आहे. असा उलटा व्यवहार चालू असताना आपण फक्त बिल चुकते केले म्हणून समाधान मानणे, हे सुशिक्षित मनास शोभत नाही.

मग करावे काय? फार मोठे काही सांगण्याचा आमचा आव नाही. जेथे जाऊ तेथील बुडीत गावांची नावे मुलांस सांगावीत. भूगोलाच्या पुस्तकात धरणाची उंची असते, गावांची यादी नसते. विस्थापितांची मागणी वर्तमानपत्रात आली म्हणजे ‘ह्यांचे अजून चालूच’ असे न म्हणता ती आपल्या नळाच्या व दिव्याच्या बिलाची मागची बाजू आहे असे समजून वाचावी, आणि मत देताना व मत मांडताना तिची आठवण ठेवावी. पाणी व वीज उधळताना हात थोडा आखडावा. दुसऱ्याच्या घरादाराच्या मोलाने आलेली वस्तू स्वस्त मानू नये.

आणि शेवटची गोष्ट घरच्या नदीची. आमच्या दाराशी इंद्रायणी आहे. तिच्या डोहात बुडविलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच इंद्रायणीवर आज कित्येकदा पांढरा फेस तरंगतो, आणि तो फेस आमच्याच वस्त्यांचा व उद्योगांचा आहे. आपल्या नदीत हात घालवत नाही म्हणून आम्ही दीडशे किलोमीटरांवर, दुसऱ्याच्या बुडालेल्या शिवारावर, निर्मळ पाणी शोधावयास जातो. कोयनेने गिळलेली गावे कोणतीही श्रद्धा वर आणू शकणार नाही. परंतु इंद्रायणीचे पाणी निर्मळ करणे हे मनुष्याच्या हातचे आहे. ज्यांनी आमच्यासाठी आपली नदी गमावली, त्यांच्या ऋणाची पहिली फेड म्हणून आम्ही निदान आमची नदी तरी गमावू नये.